कातडीचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय जरा अवघड आहे. समजायला अवघड नाही, चारचौघांत बोलायला अवघड आहे. घरात रेडिओ लागलेला असतो, आजी मेथी निवडत बसलेली असते, नातवंडांची दप्तराची शोधाशोध चालू असते आणि मी बोलणार आहे सुंतेबद्दल. तरीही बोलतो. कारण या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत जे संशोधन झाले, त्यातला एक महत्त्वाचा तुकडा आपल्या पुण्यात झाला आहे आणि त्याची खबर पुणेकरांनाही फारशी नाही. मी डॉक्टर नाही. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण एका डॉक्टर मित्राने काही शोधनिबंध हाती दिले आणि ते शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचले. कवीला शब्द तपासून घ्यायची सवय असते. ती इथे कामाला आली.

पहिल्यांदा हा शब्दच पाहू. सुंता हा मराठी शब्द अरबी ‘सुन्नत’वरून आला. सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत, वहिवाट. आमच्या घरी खतना म्हणतात आणि कित्येक ठिकाणी सरळ ‘मुसलमानी’च म्हणतात. म्हणजे नाव घेतले की कातडी आणि धर्म एकमेकांना चिकटलेच. वस्तुतः कुराणात या विधीचा स्पष्ट उल्लेख नाही, तो हदीसमधून आला. कोकणातले शाफई त्याला अनिवार्य मानतात, देशावरचे आम्ही हनफी त्याला सुन्नत म्हणतो. ज्यूंमध्ये मुलाच्या आठव्या दिवशी हा विधी होतो, म्हणजे अलिबागकडच्या आपल्या बेने इस्राएल मंडळींमध्येही होतो. इथिओपियातले ख्रिस्ती करतात, दक्षिण आफ्रिकेतले खोसा लोक करतात, फिलिपाइन्समध्ये गावोगाव करतात. पण मराठीत शब्द एकाच समाजाचा झाला, आणि त्या शब्दावरून आम्हाला दिली जाणारी एक शिवीही मराठीत आहे. तिचा उच्चार मी आकाशवाणीवर करणार नाही. तुम्हाला ती ठाऊक आहे.

२००७ च्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की पुरुषांची सुंता केल्याने स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण बऱ्याच प्रमाणात घटते. वर्तमानपत्रांत चौकटी आल्या. आमच्या नात्यातल्या एका लग्नात माझा भाचा ते कात्रण खिशात घेऊन फिरत होता. इंजिनिअर झालेला, हुशार मुलगा. म्हणाला, “बघा मामू, चौदाशे वर्षांपूर्वीच आपल्याकडे हे सांगून ठेवलंय.” पंगतीत दहा माना हलल्या. त्याच आठवड्यात कचेरीत शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मला म्हणाले, “काय राव, तुम्ही लोक सुटलात की!” ते चांगले गृहस्थ आहेत, डब्यातली भाजी मला दिल्याशिवाय जेवत नाहीत. पण ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द माझ्या कानात राहिले. भाच्याचे ‘आपल्याकडे’ आणि त्यांचे ‘तुम्ही लोक’ यांत मला फारसा फरक दिसला नाही. दोघांनीही एका कातडीबद्दलची बातमी वाचली आणि तिचा दाखला एका समाजाच्या नावे फाडला. आणि ज्या संशोधनाची ती बातमी होती, त्या संशोधनाचा तर सगळा खटाटोप कातडी आणि समाज यांना एकमेकांपासून सोडवण्यासाठी होता! ते कसे, हे सांगतो.

ज्या शास्त्राबद्दल आपण बोलतो आहोत त्याला साथरोगशास्त्र म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहणे हे त्याचे मुख्य काम नाही. माणसे मोजायची, कोणाला रोग झाला, कोणाला झाला नाही, आणि दोघांत फरक कोणता, हे पाहायचे. या शास्त्राचा सगळा जीव आपल्या एका जुन्या म्हणीत आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी कावळ्याच्या वजनाने मोडली की ती आधीच किडलेली होती? हे शोधण्यात या मंडळींचे आयुष्य जाते.

लंडनच्या जोनाथन हचिन्सन या शल्यविशारदाने १८५५ साली लिहिले, की आपल्या रुग्णालयात येणाऱ्या ज्यूंमध्ये गरमी, म्हणजे उपदंश, कमी आढळतो. त्याने श्रेय सुंतेला दिले. गरमी हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नाही. पण प्रश्नाला तोंड फुटले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की ज्यू स्त्रियांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग क्वचितच होतो. पुन्हा बोट सुंतेकडे गेले, या वेळी नवऱ्याच्या.

इथे मुंबई येते, आणि मजा येते. मुंबईत १९६० च्या दशकात कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात झाली, आणि त्यामागे डॉ. दाराब जस्सावाला यांचे नाव आहे. मुंबईसारखे शहर या कामाला सोन्याची खाण. एकाच हवेत, एकाच पाण्यावर, जवळजवळ एकाच चाळीत राहणारे निरनिराळ्या रीतीभातींचे लोक. नोंदींत असे दिसले, की गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांपेक्षा मुसलमान स्त्रियांमध्ये कमी आहे. झाले, सुंतेचा पक्ष जिंकला! पण तो पारशी स्त्रियांमध्येही कमी होता. आणि पारशी सुंता करत नाहीत.

मग पारशी बायका कशाने वाचल्या? त्या शिकलेल्या होत्या, लग्ने उशिरा होत होती, मुले थोडी होती, घरात पाणी होते, दवाखाना परवडत होता. म्हणजे फांदी मोडायला कावळ्याखेरीज इतकी कारणे हजर होती. नुसते ‘या समाजात रोग कमी, त्या समाजात जास्त’ असे म्हणून काहीच सिद्ध होत नाही, ही गोष्ट मुंबईच्या पारशांनी शिकवली असे मला वाटते.

पुढे १९८३ साली जर्मनीतल्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी या कर्करोगाच्या गाठीत मानवी पॅपिलोमा विषाणूचा, एचपीव्हीचा, सोळा क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो. तेव्हा नवऱ्याच्या कातडीचा बायकोच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो, ही शंका अगदीच हवेतली नव्हती. २००२ मध्ये स्पेन, कोलंबिया, ब्राझील, थायलंड आणि फिलिपाइन्स अशा पाच देशांतल्या १,९१३ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुंता न झालेल्या पुरुषांपैकी सुमारे २० टक्क्यांच्या अंगावर एचपीव्ही सापडला, सुंता झालेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या.

एड्सची साथ आली तेव्हा या जुन्या प्रश्नाला धार चढली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातले मूत्रविकारतज्ज्ञ आरन फिंक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून तर्क मांडला, की सुंता झालेल्या पुरुषाला ही लागण कमी होत असावी. तर्कच होता तो, पुरावा नव्हता. १९८९ मध्ये नैरोबीहून पहिला वजनदार पुरावा आला. वेश्यागमन केलेल्या आणि तोवर लागण नसलेल्या २९३ पुरुषांवर लक्ष ठेवले, तर २४ जणांना लागण झाली, आणि सुंता न झालेल्यांमध्ये धोका आठ पटींनी अधिक होता. त्याच सुमारास काही अभ्यासकांनी आफ्रिकेचा नकाशा पुढे घेतला. जिथे सुंता होत नाही तिथे एड्स जास्त, असे चित्र उमटले. पण पुन्हा तोच पेच. सुंता करणारे पुष्कळ जण मुसलमान होते, ते दारू पीत नसतील, बाहेरख्याली नसतील, नमाजापूर्वी अंग धूत असतील. म्हणजे संरक्षण कातडीचे की वागणुकीचे?

आता पुण्याकडे वळू. १९९३ ते २००० या काळात पुण्यातल्या गुप्तरोग उपचार केंद्रांत आलेल्या २,२९८ पुरुषांवर तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून लक्ष ठेवले. सुरुवातीला यांपैकी कोणालाही एचआयव्ही नव्हता. २,२९८ पैकी १९१ जणांची सुंता झालेली होती. पुण्यात सुंता झालेले पुरुष म्हणजे बहुतांशी कोण, हे वेगळे सांगायला नको. निष्कर्ष २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. इतर फरकांची वजावट केल्यावर सुंता झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका इतरांच्या सुमारे १५ टक्के, म्हणजे ८५ टक्क्यांनी कमी निघाला.

१९१ हा आकडा लहान आहे हे लक्षात ठेवा. लहान आकड्यावरून काढलेले अनुमान रबरासारखे ताणते. संशोधकांनी ते लपवले नाही. धोका कमीत कमी ३८ आणि जास्तीत जास्त ९६ टक्क्यांनी घटला असू शकतो, असे त्यांच्या गणिताने सांगितले. अशी दोन्ही टोके सांगून टाकणारा माणूस मला आवडतो. आपल्याकडे भाषणात नेहमी वरचेच टोक सांगतात.

पण मला या निबंधातली खरी मौज पुढे वाटली. त्याच पुरुषांमध्ये गरमी, परमा आणि हर्पिस, म्हणजे आपल्या नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद पण जननांगांवर फोड आणणारा, हे तिन्ही रोग सुंतेमुळे घटलेले दिसले नाहीत. जरा विचार करा. हे १९१ पुरुष जर अधिक सदाचारी असते, एकपत्नी, संयमी असते, तर हे तीन रोगही त्यांना कमी झाले असते. तसे झाले नाही. तेही त्याच वाटेने गेले होते ज्या वाटेने बाकीचे दोन हजार गेले, आणि त्याच बाकावर येऊन बसले होते. फरक पडला तो एकाच विषाणूच्या बाबतीत. म्हणून संशोधकांनी लिहिले, की कारण वागणुकीत नसून शरीरात असावे. आमच्या मशिदीतल्या प्रवचनाला उपयोगी पडेल असे यात काही नाही आणि कोणाच्या शिवीला उपयोगी पडेल असेही काही नाही. धर्म बाजूला काढून टाकल्यावर जे उरते, तेवढेच त्या निबंधात आहे.

शरीरातले कारण असे सांगतात. लिंगाच्या टोकावरच्या त्वचेची आतली बाजू ओलसर आणि नाजूक असते. एचआयव्ही ज्या पेशींना पकडतो त्या पेशी तिथे पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतात आणि शरीरसंबंधाच्या वेळी ही बाजू उघडी पडते. त्या घडीत हवेशिवाय वाढणारे जिवाणूही असतात, त्यांच्यामुळे दाह होतो आणि विषाणूला दार सापडते. घडीच नसेल तर एक दार बंद. एक, सगळी नव्हेत.

तरीही शंका घेणाऱ्याला शंका घ्यायला जागा होतीच. पुण्यातल्या माणसांची सुंता संशोधकांनी केली नव्हती, ती लहानपणीच घरात झालेली होती. कावळा आधीच बसलेला. यावर उपाय एकच, चिठ्ठ्या टाकणे. ज्यांना सुंता करून घ्यायला हरकत नाही असे प्रौढ पुरुष गोळा करायचे आणि नशिबाने ठरवायचे, अर्ध्यांची आज करायची आणि अर्ध्यांची सुमारे दोन वर्षांनी. असे तीन प्रयोग झाले. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ ऑरेंज फार्म येथे ३,२७४ जण, केनियात किसुमू येथे २,७८४ आणि युगांडात राकाई येथे ४,९९६. सगळ्यांना निरोध दिले, समजावून सांगितले. ऑरेंज फार्मला ज्यांची सुंता झाली त्यांच्यात २० जणांना लागण झाली, थांबलेल्यांमध्ये ४९ जणांना. किसुमूला २२ आणि ४७. राकाईला २२ आणि ४५. तीन देश, तीन वेगळ्या तुकड्या, आणि आकडे एकमेकांच्या इतके जवळ! तिन्ही प्रयोग मुदतीआधी थांबवले गेले, कारण एवढा फरक दिसत असताना उरलेल्यांना ताटकळत ठेवणे नीतीला धरून नव्हते. पहिल्याचा निकाल २००५ मध्ये आणि इतर दोघांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ ची ती बातमी यातूनच आली.

बातमीत ‘६० टक्के संरक्षण’ असा शब्द होता, आणि त्याने फार घोटाळा केला. शंभरांपैकी साठ जण सुरक्षित झाले, असा त्याचा अर्थ नाही. ऑरेंज फार्मच्या भाषेत सांगायचे, तर शंभर पुरुष वर्षभर जगले तेव्हा सुंता न झालेल्यांपैकी साधारण दोघांना लागण झाली आणि झालेल्यांपैकी एकालाही पुरी नाही. दोनाचे एकाहून कमी झाले, ते साठ टक्के. पण जो एक आहे तो आहेच. आणि जो माणूस दहा वर्षे त्याच वाटेने निरोधाशिवाय जात राहील, त्याला ही सूट किती दिवस पुरणार? छत्रीला भोक असेल तर रिमझिम पावसात भागते, आषाढात भागत नाही.

माझा भाचा ज्या गोष्टीने गप्प झाला, ती बायकांची. राकाईतच आणखी एक प्रयोग झाला. ज्या पुरुषांना आधीच एचआयव्ही होता त्यांची सुंता केली आणि त्यांच्या निरोगी बायकांना काय होते ते पाहिले. २००९ मध्ये निकाल छापला. सुंता केलेल्यांच्या बायकांपैकी १८ टक्क्यांना लागण झाली आणि न केलेल्यांच्या बायकांपैकी १२ टक्क्यांना. हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान आहे, म्हणून सुंतेने बायकांचे नुकसान होते असे त्यावरून म्हणता येत नाही. पण फायदा दिसला नाही, हे नक्की. जखम भरण्याआधी ज्यांनी संबंध सुरू केले त्यांच्या घरी तर जास्तच वाईट घडले. म्हणजे नवऱ्याची कातडी बायकोला थेट वाचवत नाही. मी लग्नाच्या पंगतीत एवढेच विचारले होते, की चौदाशे वर्षांच्या या हिशेबात तुझ्या बायकोचे खाते कुठे आहे? त्याचे लग्न नुकतेच झाले होते. तो उठून जिलबी आणायला गेला.

एचपीव्हीच्या बाबतीत मात्र बायकांच्या खात्यावर थोडे जमा आहे. राकाईच्या प्रयोगात दोन वर्षांनी कर्करोगाशी संबंधित प्रकारांचा हा विषाणू सुंता झालेल्यांपैकी १८ टक्क्यांमध्ये आणि इतरांपैकी २८ टक्क्यांमध्ये सापडला. त्यांच्या बायकांमध्येही हे प्रमाण साधारण २८ विरुद्ध ३९ असे घटलेले दिसले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हर्पिसचे गणित अजून जुळत नाही. राकाईत तो सुमारे पाव हिश्शाने घटला, किसुमूत घटला नाही, आपल्या पुण्यातही घटला नव्हता. गरमीवर राकाईत काही परिणाम दिसला नाही, म्हणजे बिचाऱ्या हचिन्सनचा मूळ मुद्दाच तिथे लंगडा पडला.

आता किसुमूबद्दल थोडे अधिक बोलायचे आहे, कारण ते वाचताना मला झोप लागली नव्हती. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. तिथले लुओ लोक परंपरेने सुंता करत नाहीत. पूर्वी त्यांच्यात वयात येताना खालचे दात काढण्याची रीत होती. आजूबाजूच्या अनेक जमाती सुंता करतात, आणि त्या लुओ पुरुषाला पुरुषच मानत नाहीत, ‘पोर’ म्हणून हिणवतात. राजकारणातही हे वापरले गेले, की ज्याची सुंता नाही तो देश काय चालवणार? २००७ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, निकालावरून हिंसाचार पेटला, आणि त्यात जमावांनी लुओ पुरुषांना धरून त्यांची जबरदस्तीने सुंता केली. केनियाच्या चौकशी आयोगासमोर हे आले आहे.

आपल्याकडे १९४७ साली आणि मुंबईत १९९२-९३ च्या दंगलीत पुरुषांना रस्त्यात अडवून, कपडे उतरवून काय पाहिले गेले, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे कातडी नाही म्हणून मारले. तिथे कातडी आहे म्हणून. नखाएवढा तो तुकडा.

आणि त्याच लुओ समाजात, त्या हिंसाचारानंतर वर्ष उलटायच्या आत, सुंतेचा सरकारी कार्यक्रम सुरू करायचा होता! २००७ च्या पाहणीत लुओ प्रौढांमध्ये दर पाचांपैकी एकाला एचआयव्ही होता, तेव्हा थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. ही आमची रीत नाही, असे ज्येष्ठांचे म्हणणे होते. मग तेव्हाचे पंतप्रधान आणि लुओंचे नेते रायला ओडिंगा यांनी जाहीर पाठिंबा दिला, आणि कार्यक्रमाचे नाव फार विचाराने घेतले गेले: ‘स्वेच्छेने केलेली वैद्यकीय सुंता’. कवी म्हणून मला ही दोन विशेषणे मोलाची वाटतात. ‘स्वेच्छेने’ या शब्दाने जमाव दूर सारला, ‘वैद्यकीय’ या शब्दाने जमात दूर सारली. उरली ती एक छोटी शस्त्रक्रिया, जी लुओ माणूस लुओ राहूनच करून घेऊ शकत होता. लोक आले. २००८ ते २०२२ या काळात पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पंधरा देशांत मिळून सुमारे साडेतीन कोटी पुरुषांनी ती करून घेतली.

मग भारतात का नाही, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच मुळात जिथे साथ मोठी आहे आणि सुंतेची चाल कमी आहे अशा भागांसाठी होती. आपल्या देशात २०२१ च्या अंदाजाप्रमाणे प्रौढांमधले प्रमाण ०.२१ टक्के, म्हणजे हजारी दोन. एवढ्या कमी साथीत सगळ्यांची कातडी काढून हाती फारसे लागणार नाही. डेन्मार्कमध्ये १९७७ नंतर जन्मलेल्या आठ लाखांहून अधिक मुस्लिमेतर मुलांच्या सरकारी नोंदी तपासल्या, त्याचा निबंध २०२१ मध्ये आला. त्यात लहानपणी सुंता झालेल्यांना पुढे एचआयव्ही कमी झाला, असे दिसले नाही. काहींना यात आफ्रिकेतल्या प्रयोगांचे खंडन दिसते. मला तसे वाटत नाही. डेन्मार्कमधली साथ वेगळी, लागणीच्या वाटा वेगळ्या. पाऊसच नसेल तिथे छत्रीची परीक्षा कशी होणार?

माझ्या समाजातल्या आयाबापांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिन्ही प्रयोग समजत्या वयाच्या, स्वतःच्या मर्जीने आलेल्या पुरुषांवर झाले. आपल्या पोरांना कोणी विचारत नाही. नवरदेवासारखा शेरवानी-सेहरा घालून पाटावर बसवतात, ‘ती बघ सोन्याची चिमणी’ म्हणून वर पाहायला लावतात आणि तेवढ्यात वस्तरा चालतो. आमच्या वेळी जखमेवर जाळलेल्या चिंधीची राख दाबत. हे तुम्ही धर्म म्हणून करत असाल, तर धर्म म्हणून करा. त्यासाठी ऑरेंज फार्मचा दाखला देऊ नका. तो त्या पोरासाठी काढलेला नाही. आणि करायचेच असेल तर दवाखान्यात, उकळलेल्या हत्यारांनी आणि भूल देऊन करा. आफ्रिकेतल्या त्या आकड्यांमागे स्वच्छ टेबल आणि शिकलेले हात होते, हे कात्रणात छापून येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून निकडीची. खतना हाच शब्द काही घरांत मुलींच्या बाबतीतही वापरतात. मुलांवरच्या संशोधनाचा आधार देऊन मुलींच्या त्या प्रकाराचे समर्थन करणारे लोक मी ऐकले आहेत. शब्द एक असला तरी गोष्ट एक नाही. मुलींच्या बाबतीत आरोग्याचा कसलाही फायदा नाही, फक्त इजा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हे अनेकदा स्पष्ट केले आहे, आणि वर सांगितलेल्या एकाही अभ्यासाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आज या विषाणूंविरुद्ध सुंतेपेक्षा पुष्कळ बळकट साधने हाती आहेत. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या एका प्रयोगाचा निकाल आला, त्यात पुण्याची तीच संस्था सहभागी होती. लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. इथे मात्र बायकोही वाचते. एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने ती २०२३ मध्ये बाजारात आणली. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असताना दिली तर सर्वांत चांगली. माझ्या नातीला आम्ही दिली. दंडाला सुई टोचली तेव्हा ती थोडी रडली, मग आइस्क्रीम मागितले.

एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. ज्यांना विचारायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी १०९७ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक आहे. फोनचे पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावे लागत नाही.